घरच्या खिडकीच्या उजेडात बायकोचे फोटो काढायचेत (स्टुडिओ नको, फ्लॅश नको)

राजेंद्रनगरवाला | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी नमस्कार. इंदूरहून लिहितोय, इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आता लाज सोडून विचारतोय. पुढच्या महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, बायकोची चाळिशी आहे. काय हवंय विचारलं तर साडी नको, अंगठी नको, म्हणे "माझे फोटो काढ. घरातले. आपण दोघंच असताना मी असते तशी, केस सोडलेले, तो जुना निळा गाऊन, आणि ते कुण्णाला दाखवायचे नाहीत." स्टुडिओचं नाव काढलं की चिडते. कारण तिच्या मावसबहिणीचे पोटुशी असतानाचे फोटो इथल्याच एका स्टुडिओने न विचारता आपल्या पेजवर टाकले आणि ते फिरत फिरत सासरच्या ग्रुपवर आले तेव्हा तिला कळलं. त्यामुळे फोटोग्राफर म्हणजे मीच.

कॅमेरा बरा आहे, क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे लहान सेन्सरचा), ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे, पावसाळ्यात मांडूचे फोटो काढायला घेतला होता. मांडूचे महाल हलत नाहीत हो, आणि "पोट दिसतंय का" पण विचारत नाहीत.

काल रविवारी सकाळी दहाला पहिला प्रयत्न केला. बेडरूमची खिडकी पूर्वेला, साधारण ४ बाय ४, स्लाइडिंगची हिरवट काच. काही फोटोंत अर्धा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा आणि अर्धा काळाठिक्कर. मग ट्यूब लावली तर एक गाल निळसर एक गाल पिवळा. आणि मेन प्रॉब्लेम, समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत एक काका नऊ ते अकरा पेपर वाचत बसतात, म्हणून तिने पडदा ओढला, पडदा ओढल्यावर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ६४०० वर गेला आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे. शेवटी शेवटी ती आधार कार्डाला बसतात तशी बसली होती आणि मी "स्माइल कर ना" म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

हॉलला उत्तरेची एक खिडकी आहे, समोर पांढरी भिंत. काय करू सांगा.

जिरावन | सोमवार, रात्री ११:३२

भिया "स्माइल कर ना" म्हणून तुम्ही जिवंत आहात हेच खूप. बाकी जाणकार येतीलच, मी पोहे घेऊन बसलोय.

जुना_निगेटिव्ह | मंगळवार, सकाळी ६:५०

इंदुरातच हयात गेली, चाळीस वर्षं हातात कॅमेरा आहे, त्यातली वीस डार्करूममध्ये, तेव्हा थोडं लांबलचक लिहितो, गोड मानून घ्या.

पहिलं, ट्यूब बंद. घरातला एकूण एक दिवा बंद, पॅसेजमधला पण. खिडकीतला उजेड निळसर, तुमचा बल्ब पिवळा, कॅमेऱ्याला एका वेळी एकाचंच ऐकता येतं. नुसत्या खिडकीवर काम करा, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरं कशाला मानायचं ते) ऑटोवर न ठेवता तिच्याच हातात पांढरा रुमाल देऊन त्यावर सेट करा.

दुसरं, ती हिरवी काच उघडा. पूर्ण सरकवा. डासांची जाळी पण सरकवा, जाळी उजेड बराच खाते. थंडी वाजेल म्हणून हीटर लावायचा असेल तर तो लाल दांडीवाला लावू नका, गालावर नारिंगी येईल.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. खिडकीचा खालचा अर्धा भाग चादरीने झाका. खिडकीच्या गजांना दोरी बांधा, चिमट्यांनी जाड चादर लावा, ती बसल्यावर तिच्या खांद्याच्या थोडी वर येईल इतकी. का ते सांगतो. आपल्या डोळ्याला वरून येणारा उजेड सवयीचा आहे, आभाळ वर असतं म्हणून. फरशीपासून छतापर्यंत मोठी खिडकी असली तर हनुवटीखालून पण उजेड येतो, गळ्याच्या घड्या, नाकपुड्या सगळं उजळतं आणि चेहरा सपाट होतो. खालचा भाग झाकला की उजेड तिरका वरून येतो, गालाचं हाड दिसतं, हनुवटीखाली आपोआप सावली पडते आणि डोळ्यात वरच्या बाजूला चमक येते. आणि तुमचे ते पेपरवाले काका, त्यांना फक्त चादर दिसेल. एका चादरीत दोन्ही कामं.

चौथं, तिला खिडकीसमोर तोंड करून बसवू नका. खिडकी तिच्या कडेला हवी, तीसुद्धा मधोमध नको, खिडकी जिथे संपते त्या चौकटीच्या जरा मागे बसवा म्हणजे उजेडाची नुसती कड लागते. मग तिला हळूहळू नाक खिडकीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही पलीकडच्या गालाकडे बघत राहा. सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटेल. तिथे थांबा. त्याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात, नाव लक्षात ठेवायची गरज नाही, त्रिकोण लक्षात ठेवा.

जुन्या काळी वीज नसताना स्टुडिओ असेच चालायचे, काचेचं छप्पर आणि खाली पडदे, दोऱ्या ओढून कुठला पडदा किती उघडायचा यातच सगळी कला. आपल्या इंदुरात पीडब्ल्यूडीच्या ऑफिसात नकाशे काढता काढता १८७४ च्या सुमारास ज्यांनी कॅमेरा हातात घेतला ते लाला दीनदयाळ, पुढे हैदराबादच्या निजामाने ज्यांना 'राजा' किताब दिला, तेही याच उजेडावर. तुमची चादर म्हणजे त्याच पडद्यांची नात समजा.

राजेंद्रनगरवाला | मंगळवार, सकाळी ९:०५

काका साष्टांग. चादरीचं डोक्यातच आलं नव्हतं, मी पडदा वरपासून खालपर्यंत ओढत होतो. एक शंका, खिडकीपासून किती लांब बसवू?

लष्करचा_वाडा | मंगळवार, दुपारी १:४०

ग्वाल्हेरहून. अंतराचं मी सांगतो, इंजिनियर आहे म्हणून जरा आकडे येतील, सहन करा.

खिडकीच्या जवळ म्हणजे दीड-दोन फुटांवर बसवलं तर चेहरा उजळ आणि मागची भिंत अंधारात जाते. पाच-सहा फूट आत बसवलं तर चेहरा आणि भिंत यांत फारसा फरक राहत नाही, सगळी खोली दिसते. कागदावरचा नियम असा की अंतर दुप्पट तर उजेड पाव, खिडकी मोठी असल्याने जवळ असताना अगदी तितका पडत नाही, पण दिशा तीच. म्हणजे मागे कपाटावर बॅगा रचलेल्या असतील तर आवरत बसू नका, तिला खिडकीला चिकटवा, बॅगा काळोखात गडप. आणि दूर नेलं की खिडकी तिच्या दृष्टीने लहान होते, सावल्या कडक होतात. लोकांना उलटं वाटतं, दूर म्हणजे सौम्य. नाही.

आता दिशा. तुमची पूर्वेची खिडकी सकाळी दहाला म्हणजे थेट ऊन, म्हणून तो चुना. उत्तरेची वापरा. रच्याकने (जाता जाता), उत्तरेचा उजेड म्हणजे कायम सावलीतला असं पुस्तकात छापतात ते थंड देशांच्या हिशोबाने. इंदूर २२.७ अंशांवर, कर्कवृत्त तुमच्या वर उज्जैन जिल्ह्यातून जातं, म्हणजे २१ जूनला भर दुपारी सूर्य तुमच्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन येतं. पण तुम्ही डिसेंबरात काढताय, तेव्हा सूर्य पार दक्षिणेला, दुपारी बाराला फक्त ४४ अंश वर. उत्तरेच्या खिडकीत दिवसभर ऊन नाही. उलट दक्षिणेची खिडकी असती आणि तिची वरची कड ७ फुटांवर असती तर ऊन सात फूट आत आलं असतं. समोरची पांढरी भिंत तर लॉटरी आहे, त्या भिंतीवर ऊन पडलं की तीच तुमचा रिफ्लेक्टर. भिंत पिवळी किंवा गुलाबी असती तर मात्र बायकोला कावीळ.

आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट जाड, खिडकी म्हणजे बोगदाच, उजेड एका पट्ट्यात येतो. आजीचे फोटो त्या कोनाड्यात बसवून काढलेत, आणि जानेवारीत धुकं असलं की काही करावंच लागत नाही, अख्खं आभाळ पांढरी छत्री होतं.

संस्कारी_मित्र | मंगळवार, दुपारी ३:१५

माफ करा पण असे खासगी फोटो काढणं आणि वर त्याची जाहीर चर्चा, हे आपल्यात कधीपासून सुरू झालं? ही सगळी बाहेरची फॅडं.

बडोदेकरीण | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

@संस्कारी_मित्र, कधीपासून विचारताय तर सांगते, निदान धागाकर्त्याच्या गावात तरी शंभरेक वर्षांपासून. यशवंतराव होळकर (दुसरे) आणि संयोगिताराजे यांचे १९३० च्या आसपास मॅन रे नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने फ्रान्सला काढलेले फोटो बघा. दरबारी पोशाख, तलवार, खुर्ची असलं काही नाही, दोघं तरुण नवराबायको एकमेकांना रेलून मजेत आहेत. मला तर त्यांच्या माणिकबाग महालापेक्षा ते फोटो जास्त आवडतात. आणि बाहेरच्या पुरुषासमोर बसायचं नाही ही अडचणही जुनीच. वर काकांनी दीनदयाळांचा उल्लेख केलाय, त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता, आत फोटो काढणारीही बाईच. म्हणजे बायकांना स्वतःचे फोटो हवे होते, फक्त कोण बघणार हे त्यांना ठरवायचं होतं. धागाकर्त्याची बायको तेच म्हणतेय.

आता कामाचं. मी फाइन आर्ट्सची, चित्रकला शिकलेय (आमचे बेंद्रे मास्तर, चित्रकार ना. श्री. बेंद्रे, मूळ इंदूरचेच बरं का, बडोद्याने नुसते सांभाळले). त्यामुळे कॅमेऱ्याचं सोडून बोलते. दुसऱ्या बाजूला, म्हणजे सावलीच्या गालाकडे, काय आहे ते बघा. भिंत गुलाबी असेल तर सावलीत गुलाबी येतं. तिथे पांढरी चादर किंवा थर्माकोल उभं केलं तर सावली उघडते, काळी शाल टांगली तर सावली अजून गडद होते. नवशिके सगळे पांढरंच लावतात. एकदा काळी शाल लावून बघा, चेहरा असा कोरून निघतो. पण चाळिशीच्या बाईला डोळ्याखालच्या खळग्यांची काळजी असते, तेव्हा आधी पांढरं लावून दोन फोटो दाखवा, मग शाल काढा. क्रम उलटा केलात तर शूट संपलं समजा.

आणि अहो, फोटो काढण्याआधी मीच मॉडेल म्हणून बसलेय तासन्‌तास. हात काय करायचे हा सगळ्यात मोठा छळ असतो. हाताला काम द्या. कंगवा, कप, गाऊनचा पट्टा, काहीही.

जुना_निगेटिव्ह | मंगळवार, रात्री ८:२०

बडोदेकरीणताईंना +१. कॅमेऱ्याचं राहिलं होतं ते पटकन: अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) एफ २.२ ते २.८ ठेवा, १.८ वर एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ येतो. खिडकीकडच्या, जवळच्या डोळ्यावर फोकस. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, माणूस श्वास घेतो. आयएसओ ८०० लागला तर लागू दे, १६०० पण चालेल. कॅमेरा मागची काळी भिंत बघून घाबरतो आणि सगळंच उजळवतो, त्यात चेहरा जळतो, म्हणून एक्स्पोजर उणे १ करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. ५० एमएम तुमच्या क्रॉपवर ७५ सारखी दिसते, पोर्ट्रेटला उत्तम. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी मेन कॅमेरा घेऊन तोंडाजवळ जाऊ नका, नाक बटाट्याएवढं येतं, दोन पावलं मागे या आणि २ एक्स झूम लावा, ब्यूटी मोड बंद, आणि स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून उजेड लॉक करा.

जिरावन | मंगळवार, रात्री ९:०२

पोहे संपले, आता माझी हकिगत. फोनचा ऑटो बॅकअप बंद करा. बंद केलाय असं वाटत असेल तरी परत बघा. मी बायकोचे असेच दोन फोटो काढले होते, फार काही नाही, टॉवेल गुंडाळलेले ओले केस, खिडकीपाशी. तीन आठवड्यांनी हॉलमध्ये आई आणि तिच्या भिशीच्या सात मैत्रिणी, टीव्हीवर सिरियल पॉज करून चहा, आणि पाच मिनिटांत टीव्हीचा स्क्रीनसेव्हर सुरू. अकाउंट माझंच होतं ना टीव्हीत. आधी मुलाची मुंज, मग पातालपाणीचा धबधबा, मग टॉवेल. आई काही बोलली नाही, तेच वाईट. एक मावशी म्हणाल्या "किती छान आलाय गं उजेड."

वकीलबाई_एमपी | मंगळवार, रात्री १०:१५

उजेड छान आलाय 😂😂 मावशी ग्रेट.

मुद्द्याचं एक. फोटो काढायला हो म्हणणं आणि तो दुसऱ्याला दाखवायला हो म्हणणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये (१ जुलै २०२४ पासून लागू, आधी आयपीसीत ३५४सी होतं) बाईच्या खासगी क्षणांच्या फोटोंबद्दल हे स्पष्टच लिहिलंय, तिने काढू दिला पण पसरवू दिला नाही तर पसरवणं गुन्हा. शिवाय आयटी कायद्याचं ६६ई आहे, संमतीशिवाय खासगी अंगांचे फोटो काढणं किंवा पाठवणं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मावसबहिणीचे फोटो या कलमांत बसतीलच असं नाही, पोटुशीचे फोटो वेगळे, पण स्टुडिओला लेखी नोटीस देऊन काढायला लावा, बहुतेक तेवढ्यात काढतात. आणि पुढच्या वेळी पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्यायचं.

नवऱ्यांनाही हेच लागू आहे बरं.

राजेंद्रनगरवाला | पुढचा सोमवार, रात्री १०:४०

अपडेट. काल केलं. लांब आहे, चहा घेऊन बसा.

उत्तरेची खिडकी, हॉल. मुलाला आजीकडे रामबागेत पाठवला. सोफा ढकलला, मागे फ्रिज दिसत होता पण ग्वाल्हेरकरांनी सांगितल्याप्रमाणे तिला खिडकीला चिकटवून बसवल्यावर फ्रिज खरंच गायब झाला, मला तर जादूच वाटली. सोलापुरी चादर, चार चिमटे, खांद्याच्या वर. डावीकडे थर्माकोल नव्हतं म्हणून इस्त्रीच्या टेबलावर पांढरा पलंगपोस टाकून उभा केला.

उजेड आला. अगदी पहिल्याच फोटोत आला, त्रिकोण पण आला. पण ती परत आधार कार्ड. वीस मिनिटं मी "जरा उजवीकडे", "हनुवटी खाली", "अजून थोडी", आणि ती आज्ञाधारक मुलीसारखी वळतेय, आणि एकेक फोटो आधीच्यापेक्षा मेलेला. मग तिने हात पुढे केला आणि म्हणाली "दे इकडे, तू बस."

बसलो. मंडळी तुम्ही कधी बसलायत का? त्या स्टुलावर, खिडकीचा गार वारा मानेवर, आणि समोर आपलं माणूस पण त्याचं तोंडच दिसत नाही, तोंडाच्या जागी काच. ती म्हणाली "हनुवटी खाली." मी केली. "अजून." मला एकदम राग आला. पोट आत ओढलं गेलं आपोआप, तिने ते बघितलं आणि कॅमेऱ्यामागून जे हसू आलं तिला, पाच मिनिटं थांबेना. माझे अकरा फोटो काढलेत, सगळ्यांत मी विम्याचा हप्ता चुकलेला माणूस दिसतोय.

त्यानंतर मी बोलणंच बंद केलं. जागा आधी माझ्यावर नक्की केली, स्टुलाखाली खडूने खूण केली, सेटिंग लावून टाकलं, म्हणजे तिच्यावर प्रयोग करायचे राहिले नाहीत. आणि कॅमेरा डोळ्याला न लावता छातीशी धरून मागची स्क्रीन बाहेर काढली, म्हणजे माझं तोंड तिला दिसत होतं. दर पाच-सहा फोटोंनी कॅमेरा तिच्या हातात, जो नको तो तिने जागच्या जागी उडवायचा. पहिल्या फेरीत सगळे उडवले. दुसऱ्या फेरीत एक ठेवला. तिथून पुढे ती बसायची पद्धतच बदलली, मला सांगता येणार नाही काय ते, पण खांदे खाली आले.

बडोदेकरीणताई, हाताला कंगवा दिला होता. केस विंचरताना भांगातले पांढरे केस दिसत होते, ती दर महिन्याला रंगवते, यावेळी रंगवले नव्हते, मी विचारलं नाही. भुवईत लहानपणी झोपाळा लागल्याची खूण आहे, समोरून कधी दिसत नाही, या उजेडात इतकी स्पष्ट आली की वीस वर्षांत पहिल्यांदा नीट बघितली. आणि रात्री कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं तर बुबुळात आमची अख्खी खिडकी, वर पांढरी, खाली चादर, आणि नीट बघितलं तर चिमटे पण मोजता येतात. चार.

काळी शाल नाही लावली. धीर झाला नाही.

एकूण तेरा फोटो राहिले. प्रिंट काढायचेत, सहा बाय आठ. लॅबमध्ये द्यायचे नाहीत असं आमचं दोघांचंही मत. काय करतात लोक?

लष्करचा_वाडा | सोमवार, रात्री ११:०५

फ्रिज गायब झाला हे वाचून कृतकृत्य. घरचा इंकजेट असेल तर चांगला जाड फोटोपेपर घ्या, साध्या कागदावर काळा रंग राखाडी येतो, तुमचे फोटो सगळे अंधारावर उभे आहेत. आणि प्रिंट काढायच्या आधी फाइल थोडी उजळ करा, स्क्रीन मागून पेटलेली असते, कागद नसतो.

जुना_निगेटिव्ह | मंगळवार, सकाळी ६:३०

घरी प्रिंटर नसेल तर घ्या, पण प्रिंटसाठी कुणाच्या दुकानात पेन ड्राइव्ह देऊन घरी येऊ नका. द्यावाच लागला तर मशीनपाशी उभं राहायचं, प्रिंट हातात, फाइल समोर डिलीट, रिसायकल बिनपण. आम्ही डार्करूमवाले गिऱ्हाइकाचे निगेटिव्ह मोजून परत द्यायचो, एकही ठेवायचो नाही. निदान मी तरी.

वीस मिनिटं बोललात आणि मग गप्प बसलात, तेवढ्यात शिकलात म्हणायचं. मला दहा वर्षं लागली.

बडोदेकरीण | मंगळवार, सकाळी १०:१२

वाखू (वाचनखूण) साठवली. चिमट्यांसाठी.

राजेंद्रनगरवाला | मंगळवार, रात्री ९:४८

मी बायको. ह्यांचं लॉगिन उघडंच होतं. सगळा धागा वाचला. तेरा नाहीत, आता अकरा आहेत, दोन मी आज दुपारी उडवले. आणि काळी शाल माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, विचारलं असतं तर दिली असती.